खालच्या सिलिंडरचं दुखणं

या सगळ्याला कारण झाला माझा मेहुणा. तो हे कबूल करणार नाही. त्याच्या मते तो फक्त एक वाक्य बोलला आणि चहा पिऊन घरी गेला. पण काही माणसांची वाक्यं अशी असतात की ती बोलणारा निघून जातो आणि वाक्य मात्र आपल्या घरात ठाण मांडून बसतं.

"भावोजी, तुम्ही नका हात लावू त्याला. तुम्हाला जमायचं नाही ते."

'त्याला' म्हणजे आमच्या बाल्कनीतल्या मोटरला. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, वर मुंडकं आणि खाली पंखा असलेली, दोन सिलिंडरची जुनी मोटर. माझे सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा दोन ट्रंका आणि ही मोटर घेऊन आले. लाकडी घोडीवर टांगून वर जुनी चादर टाकलेली असल्यामुळे नव्या पाहुण्यांना नेहमी वाटायचं की बाल्कनीत कोणीतरी आमच्याकडे पाठ करून, रुसून उभं आहे.

सासऱ्यांना मीही बाबाच म्हणतो. बाबांनी सगळी नोकरी जलाशयाच्या खात्यात काढली. होडीतून हिंडायचं, शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडायची आणि तळ किती खोल आहे ते मोजायचं, हे त्यांचं काम. मुळात बोलणं कमी, आणि सासूबाई गेल्यापासून तर शब्द मोजूनमापूनच. त्या रविवारी मेहुणा आलेला असताना चहाचा कप खाली ठेवून ते एकदम म्हणाले, "उन्हाळा लागायच्या आत एकदा बेटावर जाऊन यावं म्हणतो."

जलाशयाच्या मधोमध एक लहानसं बेट आहे. चारसहा झाडं आणि एक सपाट खडक, बाकी काही नाही. सुट्टीच्या दिवशी बाबा सासूबाईंना होडीतून तिथे न्यायचे. डबा खायचा, संध्याकाळी परत. सासूबाई गेल्यानंतर बाबा तिकडे फिरकले नव्हते. होडी अजून धक्क्यालाच होती आणि तिथला एक नावाडी तिच्याकडे लक्ष ठेवायचा.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. कारण आमच्याकडे आल्यापासून बाबांनी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. त्याआधी एकदा त्यांनी खिडकी लावायला सांगितली होती, पण तीसुद्धा त्यांना थंडी वाजत होती म्हणून नव्हे. माझे कागद उडत होते म्हणून.

"जाऊ की," मी म्हटलं. "मोटर आहेच आपली."

"ती कधीच बंद पडलीय," मेहुणा म्हणाला. "भंगारात द्या."

"नावाडी सोडेल त्याच्या होडीतून," बाबा म्हणाले. "तसंही चालेल मला."

तिथे मी 'बरं' म्हणायला हवं होतं. अक्षरं दोनच आहेत, तोंडात मावतात. पण मी म्हणालो, "छे! घरची मोटर असताना लोकांच्या होडीतून कशाला? मी करतो दुरुस्त." आणि मग मेहुण्याने ते वर सांगितलेलं वाक्य टाकलं.

आता माझी बाजूही ऐकून घ्या. मी विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या विभागात काम करतो. लोकांची यंत्रं का बिघडली हे टेबलाशी बसून ठरवण्यात माझी हयात गेली. पंप, गिरण्या, बर्फाचे कारखाने, सगळ्यांचे बिघाड मी पाहिलेत. कागदावर पाहिलेत हे खरं, पण पाहिलेत. अशा माणसाला त्याच्या बायकोसमोर आणि सासऱ्यांसमोर 'जमायचं नाही' म्हणणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मेहुणा गेल्याबरोबर मी चादर काढली, मोटरच्या डोक्यावरची दोरी पकडली आणि ओढली. मोटर 'खूं' म्हणाली. घशात बेडका अडकलेला माणूस सभेत बोलायला उभा राहतो तसं. मी जोरात ओढली. पुन्हा 'खूं'. तिसऱ्यांदा जीव खाऊन ओढली तेव्हा दोरी तुटली, मी मागे गेलो, दारातून आत आलो आणि चपलांच्या मांडणीत बसलो. बायको आतून म्हणाली, "झाली का सुरू?"

आमच्या इमारतीत कोणाच्या घरात मूल रडलं तरी चार सल्ले येतात, इथे तर मोटर होती. वरच्या मजल्यावर एक निवृत्त सर राहतात, भौतिकशास्त्राचे. ते जिना उतरून आले, मोटरकडे दुरून पाहिलं आणि म्हणाले, "इंधन, हवा आणि अग्नी. तीनच गोष्टी असतात. बाकी सगळा पसारा." हे ऐकून मला फार धीर आला. पण पुढे काय करायचं विचारल्यावर ते म्हणाले, "तीनपैकी जी नाही ती आणायची," आणि वर गेले.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने स्टुलावर बसल्या बसल्या, मोटरला बोटही न लावता निकाल दिला, "कार्बोरेटर." समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींचंही मत कार्बोरेटर असंच पडलं. त्यांच्या भावाच्या स्कूटरला तेच झालं होतं. दूधवालासुद्धा कार्बोरेटर म्हणाला. एवढं एकमत आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरही कधी झालं नव्हतं. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर उघडला, धुतला, फुंकला आणि परत बसवला. एक स्क्रू उरला. "हा?" मी विचारलं.

"तो जास्तीचाच होता," तो म्हणाला.

त्याने नवी दोरीही घालून दिली. ती ओढल्यावर मोटर पुन्हा 'खूं' म्हणाली, फक्त आता जरा स्वच्छ आवाजात.

हा सगळा प्रकार चालू असताना बाबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. गॅरेजवाला गेल्यावर त्यांनी घडी घातली आणि म्हणाले, "जावईबापू, आधी ठिणगी बघावी. मग दाब बघावा. दोन्ही असले तर पेट्रोलला दोष द्यावा."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि मोटर मी चालवायचो. दुरुस्त खात्याचा माणूस करायचा. मी फक्त त्याच्या शेजारी उभा असायचो."

शेजारी उभं राहून जेवढं कळतं तेवढं बाबांना कळत होतं. मला त्याहून कमी. तरी आम्ही कामाला लागलो.

ठिणगी बघायची म्हणजे प्लग काढायचा, वायर त्याला तशीच लावून ठेवायची, त्याचं धातूचं अंग मोटरच्या अंगाला टेकवायचं आणि दोरी ओढायची. टोकाशी निळी ठिणगी उडाली की झालं. पण बाल्कनीत लख्ख ऊन. म्हणून आम्ही दोघांनी चादर डोक्यावरून घेतली. बाबा दोरी ओढणार, मी प्लग धरून बघणार. इथे एक गोष्ट बाबा सांगायला विसरले, ती म्हणजे प्लग उघड्या हाताने धरायचा नसतो. त्यांनी दोरी ओढली आणि ठिणगी आहे हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. मला हातातून आणि त्यांना माझ्या ओरडण्यातून.

नेमक्या त्याच वेळी सरांच्या पत्नी रिकामी बरणी परत द्यायला आल्या होत्या. भर दुपारी जावई आणि सासरा एका चादरीखाली, त्यातून किंकाळी आणि पाठोपाठ बाबांचा आवाज, "छान! वरचा ठीक आहे. आता खालचा." बाईंनी बरणी जमिनीवर ठेवली आणि आल्या पावली गेल्या. नंतर कितीतरी दिवस त्या माझ्या बायकोशी फार हळुवारपणे बोलत होत्या.

खालचा प्लग मी लाकडी चिमट्याने धरला. ठिणगी आलीच नाही. खूप ओढल्यावर एक पिवळट, मरगळलेली, येऊ का नको असं करणारी ठिणगी दिसली.

"खालचा आजारी आहे," बाबा म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात 'खालचा' हा शब्द असा काही रुजला की बायको संध्याकाळी विचारायची, "खालचा कसा आहे?" फोनवर हे ऐकून तिच्या मैत्रिणीला आमच्या खाली राहणाऱ्या, सोसायटीच्या सेक्रेटरींची काळजी वाटायला लागली.

सेक्रेटरींची प्रकृती उत्तम होती. तळमजल्यावर राहायचे आणि नियमांवर जगायचे. पेट्रोलचा वास त्यांच्यापर्यंत पोचल्यावर ते वर आले. "निवासी इमारतीत जलवाहनाची दुरुस्ती करता येत नाही," ते म्हणाले.

"असा नियम आहे?"

"नाही. पण तो आता करावा लागेल."

शेवटी मोटर खाली पार्किंगच्या कोपऱ्यात न्यायची, असं ठरलं. ती तिथे नेताना माझी पाठ जी धरली ती अजून कधीकधी आठवण करून देते.

ठिणगीचं मूळ मोटरच्या डोक्यावरच्या जड चाकाखाली असतं. ते चाक निघता निघेना. चाक ओढून काढायचा गॅरेजवाल्याचा पुलर बसेना. सरांनी तापवल्यावर धातू प्रसरण पावतो हे सांगितलं आणि वर गेले. अखेर धक्क्यावरच्या नावाड्याकडून योग्य मापाचा पुलर आणला. तो देताना नावाडी म्हणाला, "बाबांना जायचंय ना? उद्याच या की. माझी होडी मोकळीच असते."

"आता झालीच आहे मोटर," मी म्हटलं. खरं तर अजून चाकसुद्धा निघायचं होतं.

चाक निघालं ते बंदुकीसारखा आवाज करून. खाली ठिणगी पाडणारे दोन पॉइंट काळेठिक्कर पडलेले आणि तिला जोर देणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, म्हणजे खालच्याच्या कॉइलला, तडा. बाबांनी पॉइंट घासले, मग म्हणाले, "एखादा कोरा जाड कागद आहे का? मधून ओढला की तेल पुसलं जातं." मी माझं व्हिजिटिंग कार्ड दिलं. कंपनीने छापून दिल्यापासून त्या कार्डाचा झालेला तो पहिला उपयोग.

कॉइल मिळवणं हे निराळंच प्रकरण. मोटर बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. सुट्या भागांच्या बाजारात एका दुकानदाराने आमची कॉइल हातात घेऊन इतक्या मायेने न्याहाळली की मला आशा वाटली. "अशी मला एक हवीच होती," तो म्हणाला. "विकायची आहे का?" बरीच वणवण केल्यावर एका भंगारवाल्याकडे याच जातीची, धडाचे दोन तुकडे झालेली मोटर सापडली. तिची कॉइल शाबूत निघाली. ती बसवली, ठिणगी पाहिली. वर निळी, खाली निळी. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जावई झाल्यापासूनची ती पहिली.

मोटर पाण्याच्या पिंपात उभी केली, कारण अशी मोटर पाण्याशिवाय चालवली तर तापून जाते. दोरी ओढली. फट्... फट्... फट्... एका पायावर लंगडी घालत ती जराशी चालली आणि खोकून थांबली. मेहुण्याचा फोन आला. "काय, गेलात का बेटावर?" मी म्हटलं, "तपासण्या चालू आहेत." विम्याच्या भाषेत हे वाक्य फार उपयोगी पडतं.

"आता दाब," बाबा म्हणाले.

त्यासाठी प्लगच्या भोकात एक घड्याळासारखं मापक लावतात आणि दोरी ओढतात. सिलिंडर हवा किती आवळून धरतं ते काटा सांगतो. मापक गॅरेजवाल्याकडे होतं, पण ते एकटं पाठवायला तो तयार नव्हता, स्वतः बरोबर आला. वरच्या सिलिंडरला काटा शंभराच्या पुढे गेला. खालच्याला निम्म्यावर येऊन बसला.

"बघा, मी म्हटलंच होतं," गॅरेजवाला म्हणाला.

"तू कार्बोरेटर म्हणाला होतास."

"त्याच्यामुळेच हे झालं."

बाबांनी चमचाभर तेल मागितलं. त्यांचं म्हणणं असं की खालच्या सिलिंडरमध्ये थोडं तेल ओतून पुन्हा मोजावं. काटा वर चढला तर पिस्टनच्या रिंगांमधून हवा निसटतेय; नाही चढला तर दोष दुसरीकडे. बायकोने चमचा दिला, मी तेल ओतलं. एक चमचा मला कमी वाटला म्हणून आणखी थोडं ओतलं. आणि मापक लावण्याआधी, तेल आत सगळीकडे पसरावं म्हणून, एकदा दोरी ओढली.

आता विचार केला तर सगळं स्पष्ट आहे. सिलिंडरला एक भोक होतं, त्या भोकावर काही नव्हतं आणि ते भोक सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे तोंड करून होतं. तेलाची पिचकारी अशी सरळ गेली की दाब नाही असं म्हणायची कोणाची छाती झाली नसती. तीन पांढरे शर्ट आणि एक टेबलक्लॉथ. सेक्रेटरी बाहेर आले. त्यांनी शर्टांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"रिंगा," मी म्हणालो.

शर्ट मी धुवून, नव्हे धुववून दिले. डाग थोडे राहिले. पण मापक लावल्यावर काटा खरोखरच वर चढला होता. रिंगा कार्बनने चिकटून बसल्या होत्या. त्या सोडवायला एक औषध मिळतं, ते सिलिंडरमध्ये ओतायचं, मुरू द्यायचं, मधूनमधून चाक हाताने फिरवायचं, पुन्हा ओतायचं. घाईचं काम नाही.

आणि खरं सांगू का, ते दिवस फार चांगले गेले. सकाळी चहा झाला की बाबा पायात चपला सरकवून खाली जायचे. चाक अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, आजारी माणसाची कूस बदलावी तसं फिरवायचे. मी ऑफिसातून आलो की सांगायचे, "आज जरा मोकळा वाटला." ते बोलायला लागले होते. दोरीला शिसं कसं बांधायचं, तळाला चिखल आहे की खडक हे हाताला कसं कळतं, वारा सुटल्यावर होडी एका जागी कशी धरायची. एकदा तर भर पार्किंगमध्ये त्यांनी सेक्रेटरींना खोली मोजून दाखवली, पाण्याच्या टाकीची. जेवणं वाढली, झोप लागायला लागली. बायको एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "आई गेल्यापासून बाबांना असं पाहिलं नव्हतं."

बेटाचं नाव मात्र त्यांच्या तोंडी येईनासं झालं. मला वाटलं, मोटर झाली की जाणारच आहोत, रोज काय नाव काढायचं. त्यांनाही बहुधा तसंच वाटलं असावं. आम्ही दोघंही त्या खालच्या सिलिंडरमध्ये इतके खोल उतरलो होतो की उन्हाळा केव्हा लागला ते कळलं नाही.

मध्यंतरी परवान्याचं निघालं. जलाशयात मोटर चालवायला परवाना लागतो. बाबांचा जुना कधीच संपला होता. परवान्याच्या कचेरीत एक साहेब होते. अत्यंत सभ्य. त्यांनी मला पाणी विचारलं आणि मोटरचा क्रमांक विचारला. मोटरवरची क्रमांकाची पट्टी झिजून गुळगुळीत झाली होती.

"क्रमांक नसलेली मोटर म्हणजे आमच्या दृष्टीने मोटर नव्हे," साहेब म्हणाले.

"मग मोटर नसलेल्या होडीला परवाना लागत नाही ना? तसंच जातो."

"पण मोटर आहे ना."

यावर मी बराच विचार केला आणि अजून करतो. शेवटी त्यांनी तोडगा काढला की मोटर चालू स्थितीत प्रत्यक्ष आणून दाखवावी, ते स्वतः नवा क्रमांक ठोकून देतील. धक्क्यावर या म्हटलं तर परवान्याशिवाय पाण्यात उतरवता येत नाही. म्हणजे मोटर, पिंप आणि पाणी, तिन्ही कचेरीच्या आवारात आणायचं.

त्याआधी ती सुरू तर व्हायला हवी. दाबाचा काटा दोन्हीकडे जवळजवळ सारखा आला त्या सकाळी आम्ही सगळं जोडलं. सर उतरून आले, वहिनी आल्या, गॅरेजवाला आपण होऊन आला. सेक्रेटरी डाग पडलेला शर्ट घालून आले. पुरावा म्हणून जपून ठेवला असावा. मी दोरी ओढली. धडाम्! पिंपातलं पाणी माझ्या अंगावर, धूर सरांच्या तोंडावर, आणि तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, "काय फुटलं?"

बाबा वाकून बघत म्हणाले, "वायरी. वरची खाली लागलीय, खालची वर."

त्या मीच लावल्या होत्या. बदलल्या. पुन्हा ओढली, आणि मोटर सुरू झाली. लंगडत नाही, खोकत नाही. दोन्ही सिलिंडरवर, एका दमात, शिवणयंत्रासारखी. बाबांनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आवाज तसा फार नाही." मी तिथूनच मेहुण्याला फोन लावला आणि काहीही न बोलता फोन मोटरजवळ धरला. आयुष्यात फार थोडे क्षण असे पूर्ण मिळतात.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत मोटर, पिंप आणि बाबा यांना घालून आम्ही कचेरीत गेलो. मोटर पहिल्या ओढीला सुरू झाली. साहेबांनी मान डोलावली, नवा क्रमांक ठोकला, शिक्का मारला, परवाना माझ्या हातात दिला आणि अगदी सहज म्हणाले, "दार दुरुस्त झालं की वापरायला मिळेल तुम्हाला."

"कसलं दार?"

"धरणाचं. पाणी सोडताहेत ना, कधीपासून. आता फार उरलं नसेल."

"मग तुम्ही परवाना कसा दिलात?"

साहेबांना माझा प्रश्न कळला नाही असं वाटलं. "मोटर आमच्याकडे," ते समजावत म्हणाले. "पाणी दुसऱ्या विभागाकडे."

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आलोच आहोत टेम्पो घेऊन, तर बघून येऊ."

धक्का चिखलात उभा होता. त्याच्या पायऱ्या, ज्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या, खाली खाली जात चिखलात बुडाल्या होत्या. जिथवर नजर जाईल तिथवर करडा, भेगाळायला लागलेला गाळ, आणि पार मध्ये कुठेतरी पाण्याची एक चकाकती पट्टी. बाबांची होडी काठाजवळ एका कुशीवर कलंडली होती. आणि बेट आता बेट राहिलं नव्हतं. चांगली उंच टेकडी झाली होती. वरची झाडं तेवढी ओळखीची, खालचं सगळं परकं.

नावाडी आला. "मी वाट बघितली हो तुमची," तो म्हणाला. "गेल्या पंधरवड्यापर्यंत माझी होडी जात होती."

"चालत जाता येईल?" मी विचारलं.

"छे. कमरेपर्यंत रुतेल माणूस. होडीला पाणी कमी आणि पायाला चिखल जास्त."

"परत कधी भरेल?"

"दोन वर्षं म्हणतात. जास्तही लागतील." बाबांच्या वयाच्या माणसासमोर दोन वर्षं हा शब्द फार मोठा वाटतो. उच्चारून झाल्यावर तो तिथेच मध्ये पडून राहिला, आणि त्याच्याकडे बघायचं नावाड्याने आणि मी, दोघांनीही टाळलं.

बाबा मात्र समोर बघत होते. मग त्यांनी बोट दाखवलं. "तो दगड दिसतो ना, चपटा? तिथे माझी दोरी नेहमी अडकायची. मला वाटायचं बुडालेलं झाड असेल." मग आणखी पुढे. "आणि ती घळ. सगळ्यात खोल तिथे. इतकी वर्षं मोजली मी ही जागा. पाहिली आज."

"बाबा, मी त्याच दिवशी याच्या होडीतून तुम्हाला..."

"मोटर चांगली झालीय, जावईबापू," ते म्हणाले. एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. आजही वाटतं.

मग ते काठाने होडीपाशी गेले. मी आणि नावाड्याने मिळून ती जरा सरळ केली, खाली दोन दगड लावले. त्यांना आत चढायचं होतं. मी हात दिला. मला वाटलं ते मागच्या फळीशी, मोटरच्या जागी बसतील. ते पुढे जाऊन बसले, टेकडीकडे तोंड करून.

"तुम्ही मागे बसा," ते म्हणाले. मी बसलो.

"ती इथे बसायची," बाबा मान न वळवता म्हणाले. "मी मागे मोटर धरून. मला सगळा वेळ तिची पाठच दिसायची. तिला काय दिसत होतं ते आज बघतोय."

ऊन चढत होतं. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, मग त्यालाही काय वाटलं कोण जाणे, तोही थांबला. इतक्यात माझा फोन वाजला. बायकोचा होता. परवाना मिळाल्याचं मी तिला कळवलं होतं, पुढचं काही नाही.

"काय हो, तिकडेच गेलात ना परस्पर?" ती आनंदाने विचारत होती. "पोचलात का बेटावर?"

तिचा आवाज बाबांनाही ऐकू गेला. समोर बाबांची पाठ, त्यांच्यापलीकडे तो करडा गाळ आणि वर ती चारसहा झाडं.

"सांगा तिला," बाबा म्हणाले, "निघालोय म्हणावं."

मी सांगितलं.